मंगलचे पाठकोरे कागद

माझ्या लेखन शिबिराला एकूण नऊ नियम आहेत. त्यातले सात मंगलच्या माणसांनी पाच दिवसांत मोडले. मंगलने स्वतः एकही मोडला नाही, त्यामुळे तिला बोलायची सोय नव्हती, आणि न बोलता गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही.

अठ्ठावीस वर्षं मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आता ओरडायचं कुणाला, असा प्रश्न पडला, तेव्हा औंधला हे शिबिर सुरू केलं. दर जानेवारीत आठ दिवस. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला एका दूध संघाचं जुनं प्रशिक्षण केंद्र रिकामं पडलेलं असतं, ते मिळतं. सहा खोल्या, एक व्हरांडा, पुढे कडुलिंब. भिंतींवर अजून गाईच्या पोटाचे तक्ते आहेत. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात, हे माझ्याकडे राहून गेलेल्या प्रत्येक कवीला पाठ आहे. नियम साधे आहेत. फोन माझ्या कपाटात. दुपारी एकपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. पाहुणे बोलवायचे नाहीत. पुढचे पाच आंघोळ, चहा, दिवे असल्या गोष्टींचे, आणि नववा शेवटच्या दिवसाचा. पाटी मी स्वतः जाड काळ्या मार्करने लिहून फाटकाला लावते.

लोक अर्ज पाठवतात ते ईमेलने. फोटो, छापून आलेल्या कवितांची यादी, आणि ‘माझा लेखनप्रवास’ म्हणून चार पानं. मंगलचा अर्ज पोस्टाने आला. पाकीट उघडलं तर आत लसीकरणाचा तक्ता. बाळाचं नाव, आईचं नाव, वजन, खाली लसींचे रकाने. चुकून आलं असेल म्हणून बाजूला टाकणार होते, तेवढ्यात कागद उलटा झाला. मागची कोरी बाजू बारीक अक्षरांनी गच्च भरलेली होती. पहिलंच वाक्य होतं: ‘पाच वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, घर ही चालणारी वस्तू आहे. ते रोज सकाळी घोड्यावर चढतं आणि संध्याकाळी दुसऱ्याच रानात उतरतं.’

मी उभ्याने वाचत होते, ती खुर्चीवर बसले.

मंगल वडूजच्या पूर्वेला एका वाडीत आशा सेविका आहे. चौदा वर्षं झाली. वय चव्वेचाळीस. माहेर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की तिचे आईवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि जूनच्या तोंडाला परत यायचे. सातव्या वर्षी तिला मामाकडे शाळेला ठेवलं म्हणून ती दहावी झाली, नाहीतर तीही मेंढरांमागेच असती. त्या चालण्याची गोष्ट ती सहा वर्षं लिहीत होती. बाळंतीण आत असताना दवाखान्याच्या बाकावर, एसटीची वाट बघताना, जनावरं पाण्यावर असताना. दवाखान्यातून बाद झालेले कागद मिळायचे, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. नवी वही का घेतली नाहीस असं मी पुढे विचारलं, तर म्हणाली, “नव्या वहीत लिवायला लागलं की घरची इचारत्यात, काय लिवतीस. ह्या कागदावर लिवलं की वाटतंय, सरकारचंच काम चाललंय.”

ती आली ती रविवारी संध्याकाळच्या एसटीने. खांद्याला कामाची पिशवी, हातात कपड्यांची दुसरी. मी तिला खोली दाखवली.

“हितं आनी कोन हाय, बाई?”

“कोणी नाही. तू एकटी.”

ती दारातच उभी राहिली. “चव्वेचाळीस वर्सांत मी एकटी खोलीत बसले न्हाई. बाळंतपनात आडवी पडलेवते, तवासुदा चौगीजनी बसल्यावत्या.”

दार लावून बसायला तिला जमेचना. शेवटी मी म्हटलं, राहू दे उघडं, दारं लावण्याबद्दल नियम नाही.

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात तिने मला सगळं सांगितलं. पुस्तकाचे अकरा भाग होते. दहा झाले होते. मधला एक कोरा होता, कुंभार्ली घाटाचा. ती पाच वर्षांची असतानाची गोष्ट. बिऱ्हाडाच्या घोड्यावर एका अंगाला धान्याचं गाठोडं असायचं आणि दुसऱ्या अंगाला झोळी. त्या झोळीत एक बाळ होतं असं तिला आठवत होतं. लाल मूठ, आणि मुठीत झोळीची दोरी. आणि घाट उतरल्यावर त्याच झोळीत कोकरू होतं, हेही आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं.

“मला भन हुती का बाई? का पयल्यापासनं त्ये कोकरूच हुतं? मी कवापासनं इचार करतीया. पाच वर्सांच्या पोरीचं डोकं, त्येचा काय भरवसा.”

“आईला विचार की.”

“आमची आय चाळीस वर्सं त्या घाटाचं नाव काढत न्हाई. कुनी कोकनाचं बोलाय लागलं की उठून जाती. तिला मी माज्या पुस्तकापायी इचारू?”

“मग न विचारता लिही. जे आठवतं ते.”

“आनी खोटं निघालं तर? नसल्याली भन मी मनानंच जलमाला घालून मारल्यागत व्हईल. आनी खरं निघालं तर आयच्या जिवाचं मी बाजारात मांडल्यागत.”

“नाहीतर सोडून दे तो भाग.”

“सोडला तर बाकीचं धा भाग खोटं पडत्यात. समदी वाट त्या घाटातनंच जाती.” मग ती शांतपणे म्हणाली, “आठ दिसांत ह्येचा निकाल लावायचा. न्हाई लागला तर समदं बांधून माळ्यावर टाकनार. परत न्हाई लिवायची.”

माणसं असं बोलतात आणि करत नाहीत. पण ही करेल, असं मला वाटलं आणि मी घाबरले.

तिचे दहा भाग मी दोन दिवसांत वाचून काढले. मेंढरांच्या नावांवर एक भाग होता, तो वाचून मी एकटीच हसत बसले. त्यांच्या घरी कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीचं नाव कायम बनी. ती मेली की पुढची बनी. पहिल्या बनीपासून आजपर्यंत गादी एकदाही रिकामी राहिली नाही, अगदी संस्थानासारखं. मी समासात लिहिलं, ‘छान. असंच हलकंफुलकं अजून हवं.’ शिक्षकांना समासात लिहायची फार घाई असते.

सोमवारी सकाळी साडेनऊला फाटक वाजलं. दोन बायका, हातात दोन शहाळी आणि बिस्किटांचा पुडा.

“मंगलला बगायला आलूया.”

“बघायला म्हणजे?”

“कुटल्या वार्डात हाय?”

मी त्यांना समजावलं. हे हॉस्पिटल नाही. मंगल धडधाकट आहे. ती लिहायला आली आहे. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मान हलवली. नातेवाइकांना खरं सांगत नसलेल्या डॉक्टरकडे बघतात तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्याचं असं झालं होतं. मंगलचा नवरा नानासो पाण्याचा टँकर चालवतो. बायको कुठे गेली असं वाडीत कुणी विचारलं, तर त्याने सरळ माणसासारखं खरं ते सांगितलं. आठ दिवस औंधला ठेवलंय. एकटीला खोली दिलीय. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. फोनसुद्धा काढून घेतलाय. एवढ्या वर्णनावर वाडीने जे निदान करायचं ते केलं. कुणी म्हणे छातीचं आहे, कुणी म्हणे डोक्याचं. धडधाकट बाई आठ दिवस घर सोडून, नुसतं बसायला, स्वतःहून जाते, हे तिथे कुणाच्या कल्पनेतही बसणारं नव्हतं. माझ्या कल्पनेत बसतं, कारण मला सासू नव्हती.

आणि मंगल म्हणजे साधी बाई नाही. त्या वाडीत चौदा वर्षांत जेवढी पोरं जन्मली, त्या प्रत्येकाच्या आईबरोबर ही गाडीत बसून दवाखान्यात गेलेली. ज्याला क्षय झाला त्याच्या पुढ्यात उभी राहून सहा महिने गोळ्या गिळायला लावलेली. आता तीच पडली म्हटल्यावर वाडी घरी कशी बसेल? जो तो पाळी लावून आला.

एकपर्यंत मी त्यांना कडुलिंबाखाली बसवून ठेवायचे. बरोबर एकला मंगल बाहेर यायची. लोक तिला म्हणायचे, “धीर सोडू नगंस, देवी हाय,” आणि ती त्यांना म्हणायची, “रक्तदाबाची गोळी घेतली का?” मंगळवारी एक सात महिन्यांची गरोदर पोरगी आली होती. तिला मंगलने तिथेच बसवून पायाची सूज बघितली, आणि एसटीने आदळत आलीस म्हणून सासूसकट झाडली. बुधवारी तिचे सासरे बिराप्पा आले. खांद्यावर नवं घोंगडं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, “सुनंला थंडी वाजत आसंल. तुमच्या हितली लादी लय गार हाय.” मग हळूच, “बाई, आमचं कायतरी चुकलं असंल तर सांगा. घरात कुनी बोललं का तिला? मी बोलतो त्येच्यासंगं.”

त्या म्हाताऱ्याला मी बसवून चहा दिला. तो नियमात बसत नव्हता.

माझ्या बाकीच्या मंडळींत सांगलीचा वीरधवल होता. वय अठ्ठावीस, कादंबरी लिहीत होता. तिच्यात काय होतं ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने तक्रार केली, “बाई, ही येजा चालली तर एकाग्रता कशी राहणार?” बुधवारी तोच खिडकीतून मान काढून बघत होता, आज कारळ्याची चटणी आली की शेंगदाण्याची. स्वयंपाकाच्या तानुबाईंना तर दिवाळीच होती. आठ दिवसांच्या भाज्यांचा प्रश्न मंगलच्या आजारपणाने परस्पर सुटला होता.

पण मंगलचं पान कोरंच होतं. सकाळी सहाला ती टेबलाशी बसायची ती एकला उठायची. मी व्हरांड्यातून जाता जाता बघायचे. कागद समोर, पेन हातात, नजर खिडकीबाहेर. सोमवारी कोरं, मंगळवारी कोरं, बुधवारी कोरं. एकदा चार ओळी दिसल्या, दुपारी त्या खोडलेल्या होत्या. ती काही बोलत नव्हती. मी विचारत नव्हते, पण माझा जीव टांगणीला लागला होता. इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, त्यात असं लिहिणारं माझ्या हाताखाली एकही आलं नव्हतं. आणि ते माळ्यावर जाणार होतं.

गुरुवारी स्वतः नानासो आला. टँकर रस्त्यावर उभा करून, दोन शहाळी घेऊन. वेळ साडेअकरा. माझा तोल गेला.

“अहो, तुम्ही तरी जरा समजून घ्या!” मी फाटकातच सुरू केलं. “तुमची बायको इथे चार दिवस एका पानाशी झुंजते आहे. तो घाट, ती झोळी, त्यात बाळ होतं का कोकरू हेच तिला कळत नाही. आईला विचारायची तिची छाती होत नाही. त्या एका पानापायी सगळं पुस्तक माळ्यावर जायची वेळ आली आहे, आणि तुम्ही मंडळी रोज शहाळी काय आणताय!”

नानासोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “आसं हाय व्हय.” शहाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि बायकोला न भेटताच निघून गेला.

टँकर लांब गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. मंगलने ते मला विश्वासाने सांगितलं होतं. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. माझी जीभ म्हणजे सोडलेला वळू, आयुष्यभर कुणाकुणाच्या शेतात शिरत आली आहे. त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. मंगलला सांगायचं धाडसही झालं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला फाटकाबाहेर एक म्हातारी उभी होती. सडपातळ, ताठ. काष्ट्याचं हिरवं लुगडं, कपाळावर भंडाऱ्याचा पुसट पट्टा, हातात काठी. पायात जाडजूड वहाणा. पाहुणी म्हणावं तर तिच्या हातात शहाळं नव्हतं, बिस्किटं नव्हती.

“मी धोंडुबाई. मंगलची आय.”

माझं कालचं ओरडणं कुठवर पोचलं ते मला कळलं. तरी सवयीने बोलले, “आजी, ती एकपर्यंत लिहीत असते. तोवर कुणाला भेटता येत नाही. पाच तास आहेत अजून.”

“बसती की,” ती म्हणाली.

आणि बसली. कडुलिंबाच्या बुंध्याला पाठ न टेकता, काठी मांडीवर आडवी घेऊन. चहा विचारला, नको म्हणाली मानेनेच. तानुबाईंनी दोनदा जाऊन गप्पांचा खडा टाकून बघितला. म्हातारी हसली, बोलली नाही. माझ्या शिबिरात नावाजलेले लेखक येऊन गेले आहेत. एकपर्यंत गप्प राहायचं म्हटलं की दहाच्या पुढे त्यांची चुळबुळ सुरू होते, खोकला येतो, पाण्याच्या माठाशी कुजबुज चालते. ही बाई पाच तास अशी बसली की पाखरं तिच्या पायापर्यंत दाणे टिपत आली. चाळीस-पन्नास वर्षं मेंढरांमागे दिवस दिवस कुणाशी बोलली असेल? नियम मी पाटीवर लिहिला होता, ती तो पाठ करून आली होती.

मंगलला खिडकीतून ती दिसत होती. मला आधी वाटलं, ही आता धावत बाहेर येईल. आली नाही. आई नियम पाळते आहे म्हटल्यावर लेक कशी मोडेल? दोघी एकमेकींना दिसतील अशा, मधे वीस पावलं, पाच तास बसून राहिल्या. आत काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी मात्र त्या सकाळी घड्याळाकडे जितक्या वेळा बघितलं, तितकं परीक्षेच्या पर्यवेक्षणातही कधी बघितलं नसेल.

एक वाजला. मंगल बाहेर आली आणि आईसमोर मातीत बसली. मी आत जायला निघाले, तर म्हातारी म्हणाली, “तुमीबी बसा बाई. तुमी सांगितलं म्हनून मला कळलं.”

मंगलने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला राग परवडला असता.

“नानासो आलता काल,” धोंडुबाई लेकीला म्हणाली. “म्हनला, मंगल घाटात अडलीया.”

“ऱ्हाऊ दे आये. मी न्हाई लिवत त्ये.”

“ऐक की.” काठीच्या टोकाने तिने मातीत एक रेघ ओढली, जणू वाट दाखवते आहे. “मल्हारपेठंच्या अलीकडं तळ हुता आपला. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिशी झाली ती. पोरगी. तुज्यासारकीच काळीसावळी. महिना भरला, चाललोच हुतो आपन. कोयनंच्या पुडं थंडी लागली. दोन दिस नुसती धाप.”

“छाती आत जात हुती का, आये? श्वास घेताना?”

हा प्रश्न लेकीचा नव्हता, आशा सेविकेचा होता. वर्षात किती बाळांच्या छातीवर नजर ठेवून, श्वास मोजून, ती आयांना दवाखान्यात पिटाळते.

“व्हय. खड्डा पडायचा हितं.” तिने स्वतःच्या बरगड्यांखाली बोट ठेवलं.

मंगलने डोळे मिटले.

“घाटमाथ्यावर गेली. तुज्या बानं खड्डा केला. एक दिस थांबलो. दुसऱ्या दिशी मेंढरं उपाशी, वरडाय लागली. चाराच न्हवता तितं. निगाय लागलंच. घोड्यावर बिऱ्हाड चडिवलं तर त्ये कलाय लागलं. एका अंगाला गठुळं, दुसऱ्या अंगाला झोळी मोकळी. घाट उतरायचा, वझं कललं तर घोडं दरीत जायाचं. म्हनून त्या सकाळी जलामल्यालं कोकरू झोळीत घातलं. तेवड्याच वजनाचं हुतं.”

मंगलने आईने ओढलेल्या रेघेच्या टोकावर बोट टेकवलं.

“बारसं झालं न्हवतं का?” मंगलने विचारलं.

“वाटंत कसलं बारसं? पर नाव ठेवलं हुतं मी. तुज्या बाच्या आत्तीचं. बनुबाई.” म्हातारी लेकीकडे बघत होती. “घाट उतरूस्तवर त्या कोकराला मी बनीच म्हनत आले. म्हनायचं थांबवायचं कसं त्ये कळंना. मग ऱ्हायलंच.”

मला माझी समासातली ओळ आठवली, आणि कुठे तोंड लपवायला मिळेल तर बरं असं झालं. चाळीस वर्षं त्या घरात रोज संध्याकाळी ती हाक मारली जात होती. आई मारायची, बाप मारायचा, पोरं मारायची. कळपाच्या पुढे बनी चालत राहिली होती.

मंगल आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. म्हातारी रडली नाही, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “लिव. खरं हाय त्ये लिव. मला न्हाई काय वाटायचं. पर नाव घाल तिचं. कुटल्याच कागदावर न्हाई तिचं नाव. तू गावच्या समद्या पोरास्नी लिवतीस, तिला कुनी लिवलंच न्हाई.”

दुपारच्या एसटीने धोंडुबाई गेली. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणाली, “मेंढरं हायेत घरी. बनी व्यायला झालीया.”

त्यानंतर मंगलने पहिल्यांदाच दार लावून घेतलं.

रविवार शिबिराचा शेवटचा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने आपलं थोडं वाचायचं असतं आणि घरची माणसं आली तरी चालतात, हा माझा नववा नियम. बाकीच्यांची मिळून पाच माणसं आली. मंगलची एका टेंपोत मावेनात. तिला रोग नाही हे एव्हाना वाडीला पटलं होतं, पण मग एवढे दिवस काय केलं ते बघायचं होतं. सासरे नवा पटका बांधून आले होते. तानुबाईंनी गाईच्या तक्त्याखाली सतरंज्या अंथरल्या. वीरधवलने आपली कादंबरी वाचली. वाडीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी बिराप्पांनी त्याला विचारलं, “बाळ, तब्येत बरी हाय न्हवं?”

मग मंगल उठली. धोंडुबाई पुढच्या रांगेत काठी मांडीवर घेऊन बसली होती, शुक्रवारसारखीच.

मंगलच्या हातात तसाच लसीकरणाचा तक्ता होता, पण तिने तो उलटा धरला नव्हता. सहा वर्षं ती ह्या कागदांच्या पाठीवर लिहीत आली होती. ह्या एका भागाची सुरुवात तिने पुढच्या बाजूने केली होती. छापलेले रकाने भरून. ती तसंच वाचत गेली.

“बाळाचं नाव, बनुबाई. आईचं नाव, धोंडुबाई. जन्मतारीख, चंपाषष्ठीचा दुसरा दिवस. जन्मठिकाण, मल्हारपेठेच्या अलीकडं, तळावर. वजन, एका कोकराएवढं.”

खाली लसींचे रकाने होते. ते तिने कोरे ठेवले होते, आणि कोरे आहेत असंही वाचून दाखवलं. मग कागद उलटला आणि घाट सुरू झाला.

वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्या वीरधवलने वाजवायला हात उचलले होते, पण वाडीतलं कुणी वाजवत नाही असं बघून खाली घेतले. ती सात महिन्यांची गरोदर पोरगी पदर तोंडाला लावून बसली होती. नानासो बाहेर टेंपोपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला होता.

धोंडुबाई उठून लेकीजवळ गेली. तिला वाचता येत नाही. तिने कागद हातात घेतला, पुढची बाजू वर केली आणि बोट फिरवत विचारलं, “कुटं हाय तिचं नाव?”

मंगलने बोट धरून पहिल्या रकान्यावर ठेवलं.

म्हातारीने वाकून बघितलं. डोळे बारीक केले, कागद लांब धरला, जवळ घेतला.

“येवडं बारीक? कुनाला दिसायचं? मोटं लिव की.”

मी आत गेले आणि नियमांची पाटी लिहायचा जाड काळा मार्कर आणून मंगलच्या हातात दिला.